अनुभव धागा: जुन्या वसाहती आणि त्यांत म्हातारी झालेली माणसं

ज्योतीनगर, छत्रपती संभाजीनगर
आपल्याकडे नोकरदारांनी गृहनिर्माण संस्था काढल्या, प्लॉट पाडले, पोटाला चिमटा काढून घरं बांधली. बांधणारे तेव्हा पस्तिशीत होते. जोतं उंच, गच्चीचा जिना अरुंद, संडास अंगणाच्या कोपऱ्यात. आज तेच ऐंशीला टेकलेत, मुलं पुण्याला. आणि त्यांना तिथला फ्लॅट नकोय, इथंच राहायचंय. तुमच्या गल्लीत त्यासाठी काय केलं, काय अडलं, मापासकट लिहा.

नांदेड
रॅम्पपासून सुरुवात करतो, कारण घाईघाईत केलेले रॅम्प बघून जीव घाबरा होतो. गेटसमोर स्कूटर चढवायला केलेला उतार व्हीलचेअरच्या कामाचा नाही. नियम एकास बाराचा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आमचं जोतं दोन फूट, म्हणजे चोवीस फूट उतार. अंगण तेवढं कुठलं? मिस्त्रीनं भिंतीच्या कडेनं काटकोनात वळवला आणि वळणावर चाक फिरेल एवढी सपाट जागा सोडली. वर गुळगुळीत टाइल अजिबात नको, पावसात बाबा चालतच घसरतील. सिमेंट ओलं असतानाच खराटा फिरवून घेतला. बाजूला पाइपचा कठडा. आई व्हीलचेअरवर नाही, तरी तीही आता पायऱ्या सोडून इथूनच उतरते.

लातूर
२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव. इथल्या म्हाताऱ्यांचा दिवस पाण्याभोवतीच फिरतो. नळ कधी येईल नेम नाही, मग हौद भरायचा, मोटर लावायची आणि टाकी भरली का बघायला गच्चीवर चढायचं. शेजारच्या अण्णांचं खुब्याचं हाड त्याच जिन्यावर मोडलं. त्यानंतर गल्लीतल्या पोरांनी घरोघरी टाकीत फ्लोट बसवून दिला, टाकी भरली की मोटर आपोआप बंद. नळ आला की गल्लीच्या ग्रुपवर निरोप पडतो. एकट्या राहणाऱ्यांचा व्हॉल्व्ह फिरवायला कोण जाणार हेही ठरलेलं आहे. माझ्या मते रेलिंग, रॅम्प याच्याआधी आपल्याकडे हे काम घ्यावं.

परभणी
ओपन स्पेसमध्ये स्मरणार्थ दिलेले सिमेंटचे बाक आहेत. ना पाठ, ना हात. गुडघे धरलेल्या बाईनं उठायचं कशावर भार देऊन? आम्ही दोनच बाक बदलले, हाताचे घेतले, लिंबाखाली ठेवले. मे महिन्यात बाकी जागा संध्याकाळी सहालाही तापलेली असते. आता देवळात जाणाऱ्या बायका मध्ये टेकतात, म्हणून पुढं जातात.

बीड
जुना रस्ता न खोदता त्यावरच नवं काँक्रीट ओततात. दर वेळी रस्ता वर, घर खाली. पाऊस पडला की पाणी ओट्यावर. गेल्या कामाच्या वेळी आम्ही सगळे एकत्र उभे राहिलो, आधी खोदायला लावलं. वाद झाला. पण नालीवरचे ढापे एका पातळीत बसवून घेतले, काठी अडकत नाही.

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
तीन मजली, लिफ्ट नाही. तळमजल्यावाले म्हणतात आम्ही पैसे का द्यायचे, आणि त्यांचंही अगदीच खोटं नाही. सध्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि प्रत्येक मजल्यावर टेकायला खुर्ची. वरच्या एका काकांनी खालच्या भाडेकरूशी घर अदलाबदल केलं, मालकांनी दोन्हीकडून समजूतदारपणा दाखवला म्हणून जमलं.

जालना
रात्री १०८ ची गाडी आली आणि घर सापडेना, क्रमांक कुठंच नव्हते. आता प्रत्येक गेटवर मोठे आकडे आहेत. किल्ली शेजारी. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन फोनशेजारी चिकटवा.

ज्योतीनगर, छत्रपती संभाजीनगर (दुसऱ्या गल्लीतून)
मी स्वतः अठ्ठ्याहत्तरची. बाळांनो, करायलात ते चांगलं करायलात, पण आधी आम्हाला विचारा. मुलानं हौसेनं न्हाणीघरात हँडल बसवलं, स्वतःच्या उंचीनं. माझा हात खांद्याच्या वर जात नाही. शेवटी प्लंबरला बोलावलं, मोरीच्या कडेला मी बसून-उठून दाखवलं आणि हात जिथं जातो तिथं खडूनं खूण करून दिली. तिथंच छिद्र पाडायला लावलं. संडासातलं हँडलही तसंच बसवून घेणार आहे.