'प्रतिकारशक्ती वाढवणे': केमो चालू असलेल्या मुलांच्या पालकांना हे कसं सांगावं?

नाशिकमधल्या कॅन्सरग्रस्त मुलांच्या आईवडिलांसाठी पत्रक लिहितेय. 2020-21 मध्ये आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुळवेलीचा काढा, आर्सेनिकम अल्बमच्या होमिओपॅथी गोळ्या, हळदीचं दूध, सगळ्यापुढे एकच शेपूट असायचं: 'प्रतिकारशक्ती वाढते'. आजही तेच फिरतंय. पत्रकात हा शब्द ठेवू की दुसरा सुचवाल?

प्रतिसाद १
शब्द ठीक आहे, घोळ 'वाढवणे'चा आहे. शक्ती म्हटली की ती खाऊनपिऊन वाढणार, हे आपल्या डोक्यात पक्कं. पण रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशीच बिघडलेल्या असतात. केमो त्यांना मारते, सोबत चांगल्या पेशीही जातात. मग वाढवायचं नेमकं काय?

मुलाला घेऊन मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या खेपा घालणाऱ्या आया 'प्रतिकारशक्ती' म्हणतच नाहीत. 'काउंट पडलेत', 'काउंट चढले की पुढची केमो' असं बोलतात. काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या. तोच शब्द घ्या. काउंट रिपोर्टवर दिसतो, आणि तो सावरायला अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी बनतात त्या भागाला, वेळ द्यावाच लागतो.

गुळवेलीबद्दल स्पष्ट लिहा. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मांडलं, आयुष मंत्रालयाने ते नाकारलं. तो वाद बाजूला ठेवला, तरी मेथोट्रेक्सेट आणि 6-एमपी या केमोच्या औषधांचा ताण यकृतावर येतोच. त्यात आणखी काही घालायचं तर आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

प्रतिसाद २
सहमत. 'अफवा' हा शब्दही टाळा. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' वाचलं की पोलिसांची नोटीस वाटते. लॉकडाऊनमध्ये मुंबईला जाणं अवघड, घरात आजारी लेकरू, अशा वेळी कुणी मायेने पाठवलेला मेसेज कोणती आई अफवा मानेल? 'विचारल्याशिवाय देऊ नका' पुरे.

'अंगावर काढणे' मात्र ठळक अक्षरात हवं. दवाखान्यात गेलो तर कोरोना होईल या धास्तीने घरीच थांबायचं, काढा द्यायचा, सकाळपर्यंत वाट बघायची. काउंट पडलेल्या मुलाच्या बाबतीत हे जिवावर बेततं. मी असं लिहीन: 'ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर अंगावर काढू नका. रात्र असली तरी लगेच फोन करा आणि निघा.'

मूळ प्रश्नकर्ती
'काउंट' आणि 'अंगावर काढू नका', दोन्ही घेतले. फोन नंबर वरच छापते.