एक्सएलआर बसवताना पिन १ कुठे जोडायची?
जुन्या स्टुडिओ मिक्सरची टर्मिनल पट्टी काढून एक्सएलआर सॉकेट (स्टुडिओतलं तीन पिनांचं गोल सॉकेट; पिन १ केबलच्या शील्डची, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाची) बसवा आणि पिन १ सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला जोडा, असा सल्ला कधी कधी दिला जातो. सॉकेट जरूर बसवा, पण पिन १ बोर्डावर नेऊ नका! शील्डमधला हम (विजेच्या तारांमुळे येणारी गुणगुण) मग थेट सिग्नलच्या ग्राउंडमध्ये शिरतो, आणि ट्रान्समीटर जवळ असेल तर आरएफही (रेडिओ लहरींचा त्रास). ऑडिओ अभियंते नील मन्सी यांनी १९९५ साली हाच दोष सविस्तर मांडला. पुढे ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या एईएस४८ मानकानेही शील्ड चॅसिसलाच (यंत्राच्या धातूच्या पेटीलाच) जोडायला सांगितलं. म्हणून सॉकेटजवळचा रंग खरवडा आणि शक्य तितक्या आखूड तारेने पिन १ थेट पत्र्याला जोडा.

पिन २ हॉट (सिग्नलची धन बाजू) धरा. काही जुन्या अमेरिकी यंत्रांत मात्र पिन ३ हॉट असते, तेव्हा मॅन्युअल पाहूनच सोल्डरिंग करा. स्टिरिओतलं एकच चॅनल उलटं (पिन २ आणि ३ ची अदलाबदल होऊन) जोडलं गेलं, तर मोनो रेडिओवर मधला आवाज, म्हणजे नेमका निवेदकाचा, गायब होतो.

घरगुती टेप डेकचं आरसीए (घरगुती यंत्रांवरचं साधं दोन जोडण्यांचं सॉकेट) काढून नुसतं एक्सएलआर लावल्याने भागत नाही. तिथे लेव्हल ०.३१६ व्होल्ट, स्टुडिओत १.२३ व्होल्ट. मधे बॅलन्सिंग अ‍ॅम्प्लिफायर (लेव्हल वाढवून सिग्नल पिन २ आणि ३ वर संतुलित देणारा) घालाच.