मदत हवी आहे : एकाच रानात दोन जातींची माती, पाणी कसं द्यावं?

नमस्कार मंडळी. निपाणीजवळ वेदगंगेकडं उतरणारं आमचं ३ एकर रान आहे, सगळा ऊस ठिबकवर. वरचा पट्टा मुरमाड, खालचा काळाभोर. सगळं एकाच व्हॉल्व्हवर, त्यामुळं वर ऊस सुकतो आणि खाली माती कायम चिंब, वाफसाच येत नाही. खाली आता मीठ फुटायला लागलंय, त्याचीच जास्त काळजी वाटते.

परदेशात मोठ्या सेंटर पिव्हटवर (एका टोकाभोवती रानात गोल फिरत पाणी फवारणारी लांब पाइप) एकेक नोझल उघडझाप करून मातीप्रमाणं कमीजास्त पाणी देतात. आपल्या रानात पिव्हट बसणार नाही. मग ठिबकचेच दोन भाग करून वेगळे सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारे) व्हॉल्व्ह आणि प्रत्येक भागात टेन्शिओमीटर (मातीतली ओल दाखवणारं साधन) बसवले तर जमेल का? टेन्शिओमीटर किती खोल पुरावा? चिकोडी, अथणीकडं कुणी केलं असेल तर कृपया सांगा, रान बघायला येतो.