‘कंस बुरशी’ म्हणजे काय रे भाऊ? झाडावरच्या फळीदार अळंब्याला मराठीत काय म्हणावं

जावळीकर:
मंडळी, एक शब्द अडलाय. शाळेतल्या पोरांना रान दाखवायला नेतो, त्यासाठी चार पानांची माहिती मराठीत करायला घेतली. झाडाच्या खोडाला आडवं, फळीसारखं चिकटलेलं लाकडासारखं टणक अळंबं असतं ना, त्याला इंग्रजीत ब्रॅकेट फंगस म्हणतात. मोबाइलला विचारलं तर त्यानं ‘कंस बुरशी’ असं ठोकून दिलं. कंस! पुढं कृष्णही उगवायचा एखाद्या फांदीवर. भिंतीला फळी लावायचा ब्रॅकेट आणि गणितातला ब्रॅकेट यांत त्याचा गोंधळ झालाय, हे उघड आहे. पण मग खरा शब्द कोणता?

बामणोलीकडं आमची आजी अशा सगळ्यालाच ‘फणसांबा’ म्हणायची, मग झाड आंब्याचं असो की जांभळाचं. ‘कुत्र्याची छत्री’ म्हणवत नाही, कारण याला ना दांडा, ना छत्री.

दुसरी अडचण. याच्या एका जातीवर ठिणगी धरून विस्तव करत असत. ठिणगी धरणाऱ्या त्या जिनसाला आपल्यात नाव आहे का? सरपण नव्हे, काटक्याही नव्हेत, त्याच्या आधीची पायरी.

वाईची मास्तरीण:
फणसांब्यात आंबा नाही हो! फणस अधिक अळंबं. फणसाळंबं म्हणता म्हणता मधला ‘ळ’ झिजला आणि ऐकणाऱ्याला आंबा दिसायला लागला. काही घरांत अजून ‘फणसअळंबं’ असंच म्हणतात, त्यावरून मूळ कळतं. माझ्या एका विद्यार्थिनीनं निबंधात ‘फणस आणि आंब्याचे कलम’ असा अर्थ लिहिला होता. मी अर्धा गुण दिला, कल्पनेचा.

फणसांबा हा रूपावरून पडलेला शब्द नाही, औषधाचा शब्द आहे. जुन्या फणसाच्या खोडावर येतो तो वाळवून ठेवायचा आणि बाळाचं तोंड आलं, लाळ गळायला लागली की सहाणेवर पाण्यात उगाळून आतून बोट फिरवायचं. बाळगुटीच्या डब्यात मुरुडशेंग, वेखंड यांच्या शेजारी तो असायचा. कोशात फक्त ‘एक प्रकारचे अळंबे’ असं लिहून भागत नाही, ही सहाण त्या शब्दात आहे. (आता तान्ह्याचं तोंड आलं तर आधी डॉक्टरांकडं न्या. बाजारात फणसांबा म्हणून मिळतो तो तुकडा कुठल्या झाडाचा, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.)

म्हणून आंब्यावरच्याला फणसांबा म्हणू नये, असं माझं मत. आजींनी म्हटलं तर त्यांना माफ.

शिराळ्याचा सुतार:
मास्तरीणबाई, आमच्यात कुणी झाड बघत बसत नाही. पण वस्तू वेगळ्या आहेत हे खरं. आमचा धंदा लाकडाचा, त्यामुळं हे अळंबं म्हणजे आम्हाला वाईट बातमी. खोडावर फळी दिसली म्हणजे आतून लाकूड कुजायला लागलंय. बाहेरनं झाड हिरवंगार असेल, पण कापल्यावर आत पांढरट, भुसभुशीत. ‘अळंबं धरलंय’ म्हटलं की भाव पडला.

ओळखायचं कसं तेही लिहा पोरांसाठी. उलटं करून बघायचं. खाली पातळ पडद्यांच्या चुण्या असतील तर ते ह्या घरातलं नव्हे. शेतकी कॉलेजवाले धिंगरी म्हणतात ती पण लाकडावर फळीसारखीच येते, पण तिच्या खाली चुण्या असतात आणि ती मऊ असते. ह्याच्या खाली सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं असतात, दिसायला भिंग लागेल. वरनं लाखेचं पॉलिश मारल्यासारखं चकाकत असेल तर ते बहुतेक गॅनोडर्मा. त्यातल्याच एका जातीला चकाकी नसते, पण खालची पांढरी बाजू काडीनं ओरखडली की तपकिरी रेघ उठते आणि वाळल्यावर तशीच राहते. चित्रं काढतात लोक त्यावर. त्याच्या आसपास कोको सांडल्यासारखी तपकिरी पूड दिसते, ती त्याची बीजं. आणि फोडल्यावर आतून गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं निघालं तर फेलिनस.

जावळीकर:
दादा, हे सगळं उचलतो. गंजाचा रंग हे फार चांगलं सांगितलंत.

कराडचा निवृत्त:
आता ठिणगीचं. जावळीकर, तुम्ही विचारता त्याला आपल्याकडं वेगळं नाव नव्हतं, कारण ते काम कापूसच करायचा. आमच्या आजोबांच्या चंचीत तंबाखूशेजारी तीन वस्तू असत: चकमक म्हणजे पोलादाचा तुकडा, गार म्हणजे गारगोटी आणि सावरीचा कापूस. गारेच्या धारेवर कापूस अंगठ्यानं दाबून धरायचा, पोलाद घासायचं, ठिणगी कापसात पडली की फुंकर. ‘कापूस धरला’ म्हणायचे, ‘पेटला’ नाही. तो फरक महत्त्वाचा आहे. ज्वाळा नसतेच, नुसतं धुमसतं.

चकमक हा शब्द तुर्कीतून आलाय, मूळ अर्थ आघात करणं. आजही तुर्कस्तानात लायटरला चाकमाक म्हणतात. आपल्याकडं पोलीस आणि दरोडेखोरांची चकमक उडते, पण खिशातली चकमक काडेपेटीनं गिळली. गार मात्र आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळीत हवी तेवढी.

बंदुकीच्या बाबतीत शब्द आहे: जामगी. बत्तीची ती सोऱ्यात भिजवलेली दोरी. हे मुद्दाम सांगतो, कारण युरोपात त्या अळंब्यावरही हीच क्रिया करत. घोड्याच्या खुरासारखं दिसणारं फोमेस नावाचं अळंबं बर्च आणि बीच या झाडांवर येतं. वरचं कवच आणि खालच्या नळ्या काढून टाकायच्या, मधला मऊ तपकिरी थर कापायचा, उकळायचा, कुटून कुटून कापडासारखा करायचा आणि सोऱ्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचा. मग ठिणगी पडली की सोडत नाही. रुमानियात त्याच कुटलेल्या थराच्या टोप्या करतात. 1991 साली आल्प्सच्या बर्फात 5,300 वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, त्याच्या सामानात हे अळंबं होतं आणि त्याला पायराइटचे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या खनिजाचे कण चिकटलेले. आमच्या आजोबांच्या चंचीचाच थोरला भाऊ म्हणा.

तंबाखूचं निघालंच आहे तर सांगतो. अलास्काचे मूळ रहिवासी फेलिनसच्या एका जातीची राख करून तंबाखूत मळतात. आपण चुना मळतो त्याच कारणासाठी.

वाईची मास्तरीण:
मग ‘जामगी-अळंबं’ का नको?

शिराळ्याचा सुतार:
पोरांना जामगी कुठं माहीत? त्यांना लायटर माहीत.

जावळीकर:
शिवाय फोमेस थंड मुलखातलं. कोयनेच्या रानात भेटतात ती गॅनोडर्मा आणि फेलिनसच्या घरातली. वाळलेल्या तुकड्यावर निखारा ठेवला तर तो धुमसत राहतो, हे मी स्वतः पाहिलंय, पण चकमकीची नुसती ठिणगी त्यानं धरली नाही. अंगठ्याचं कातडं तेवढं सोललं. लाकडावर काळा, कोळशासारखा गोल गोळा येतो, डाल्डिनिया, तो पूर्ण वाळला असेल तर ठिणगी धरतो. पण तो फळीदार नाही, म्हणजे पुन्हा शब्दाचा प्रश्न आलाच.

आणि चांदोली-कोयनेच्या राखीव जंगलातून काहीही उचलायचं नाही, ते मी पहिल्याच पानावर लिहिलंय. मी आणलं ते मालकीच्या रानातल्या पडलेल्या ओंडक्यावरचं.

वाईची मास्तरीण:
विश्वकोशाचं कार्यालय आमच्याच गावात, तिथं ‘कवक’ हा शब्द पक्का झालाय. ‘फळी-कवक’ शास्त्रात चालेल. पण पोरांच्या तोंडी कवक बसत नाही, कवच होतं त्याचं.

शिराळ्याचा सुतार:
‘फळीचं अळंबं’ लिहा. आमच्या पोराला आत्ताच विचारलं, ‘फळीचं अळंबं कसं असेल?’ त्यानं हात आडवा करून भिंतीला लावून दाखवला.

जावळीकर:
ठरलं. फणसावरच्याला फणसांबा, बाकीच्यांना फळीचं अळंबं. आणि ठिणगीवाल्याला?

कराडचा निवृत्त:
‘धरणारं अळंबं’. कापूस धरायचा, तसं.

जावळीकर:
घेतला. आजीला फोन करून सांगितलं तर म्हणाली, “म्या आंब्यावरच्यालाबी फनसांबाच म्हननार, तुमी काय बी छापा.”