पेंटाचा ताप मोठा की डांग्या खोकला?

कृष्णाकाठ, सांगली:
आमच्या पालकांच्या गटात परवा एक लांबलचक संदेश फिरला. 'गोवर, घटसर्प, डांग्या खोकला आता कुठे दिसतात? मग दीड महिन्याच्या धडधाकट बाळाला पेंटाची (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीची) सुई टोचून ताप का विकत घ्यायचा?' असा त्याचा सूर होता आणि त्याखाली चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींचे अंगठे होते, म्हणून सविस्तर उत्तर देणे भाग आहे. लसीला धोका शून्य असतो असे मी म्हणत नाही. गोवराच्या लसीनंतर साधारण तीन-चार हजार डोसांमागे एखाद्या मुलाला तापातली आकडी येते आणि तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखाद्याला होते. पण आजाराचा हिशोबही त्याच कागदावर मांडा. गोवर झालेल्या वीस मुलांमागे सुमारे एकाला न्यूमोनिया होतो, हजारामागे सुमारे एकाच्या मेंदूला सूज येते आणि कुपोषित मूल असेल तर जिवावरचा धोका कितीतरी वाढतो. स्वमग्नतेची भीती घालणारा 1998 चा ब्रिटिश शोधनिबंध 2010 मध्ये नियतकालिकानेच मागे घेतला. संदेश लिहिणाऱ्यापर्यंत ती बातमी पोहोचलेली दिसत नाही.

माणदेशी, म्हसवड:
हिशोब सोयीचा आहे. लस प्रत्येक मुलाला टोचली जाते, गोवर प्रत्येक मुलाला होत नाही. तेव्हा तुमच्या हजारात एकाला आधी गोवर होण्याच्या शक्यतेने गुणा आणि मग तुलना करा. माझ्या थोरल्या मुलीला दीड वर्षाचा डोस दिला त्याच रात्री आकडी आली. डोळे वर गेलेले, जबडा घट्ट मिटलेला, आणि दवाखाना बारा कोसांवर. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तर 'होतं असं कधी कधी' एवढेच उत्तर मिळाले आणि कार्डावर एक अक्षर लिहिले गेले नाही. आता धाकट्याचा डोस आला आहे. तुमचे 'एखादे मूल' माझ्या घरात राहते, साहेब.

कृष्णाकाठ, सांगली:
गुणाकार जरूर करावा, पण ती शक्यता आज कमी का आहे हेही सांगावे. लस येण्यापूर्वी गोवर जवळजवळ प्रत्येक मुलाला होत असे. त्याची साथ रोखायला सुमारे 95 टक्के मुलांचे लसीकरण लागते आणि ते घसरले की काय होते हे 2022 च्या हिवाळ्यात मुंबईतल्या गोवंडीच्या गोवराच्या साथीने दाखवले. शेजारच्या पोरांनी दंड पुढे केले म्हणून तुमच्या मुलाची शक्यता कमी आहे.

माणदेशी, म्हसवड:
म्हणजे शेजाऱ्यासाठी माझ्या पोराने आकडी सोसायची, हे एकदा सरळ बोला. कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले आहे.

निवृत्त आरोग्यसेविका, औंध:
तो निकाल कोविडच्या लसीबद्दल होता, दादा, आणि त्याच निकालात न्यायालयाने सरकारचे लसधोरण अवाजवी ठरवले नव्हते. तुमच्या मुलीबद्दल मात्र तुम्हाला नीट सांगायला हवे होते. दीड वर्षाला गोवर-रुबेलाबरोबर त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लसीचा) बूस्टर देतात. गोवराच्या लसीचा ताप बहुधा आठवड्याने येतो, त्याच रात्री आला असेल तर तो त्रिगुणीचा असण्याचा संभव जास्त. अशा आकडीने सहसा कायमची इजा होत नाही, पण ज्या घरात एकाला ती आली तिथे भावंडाला येण्याची शक्यता थोडी जास्त असते. म्हणून टोचण्याआधी सिस्टरला हे सांगावे आणि तापाच्या औषधाचा डोस वजनाप्रमाणे विचारून घ्यावा.

मिरजेची आई:
एवढा त्रास आहे तर सरकार न दुखणारी लस का देत नाही? आम्ही खासगीत पैसे मोजून तीच घेतली, बाळाला साधी कणकण आली नाही. सरकारी केंद्रात टोचलेल्या माझ्या भाचीची मांडी मात्र टणक होऊन सुजली होती.

निवृत्त आरोग्यसेविका, औंध:
मांडी सुजते ती सरकारी लस हलकी असते म्हणून नाही. सरकारी पेंटात डांग्या खोकल्याचे अख्खे मारलेले जंतू असतात, तुमच्या लसीत त्यांचे निवडक अंश असतात. ताप कमी येतो हे खरे, पण संरक्षणही लवकर ओसरते. अमेरिकेने 1990 च्या दशकात ती लस स्वीकारली आणि 2012 मध्ये तिथे डांग्या खोकल्याचे 48 हजारांवर रुग्ण नोंदले गेले. मी नोकरीच्या सुरुवातीला या खोकल्याचे तान्हे मूल पाहिले आहे. उबळ थांबतच नाही, तोंड निळे पडते आणि शेवटी श्वास आत ओढताना जो आवाज येतो तो ऐकलेल्या आईला मांडीच्या गाठीची तक्रार सुचणार नाही.

मिरजेची आई:
म्हणजे आम्ही पैसे घालवून मुलाचे वाटोळे केले, असेच ना? प्रत्येक आईला गुन्हेगार ठरवायची ही पद्धत सोडा. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही लसी चालतात असे सांगितले आहे.

निवृत्त आरोग्यसेविका, औंध:
चालतातच, आणि अजिबात न देण्यापेक्षा ती देणे लाखपट बरे. फक्त बूस्टर चुकवू नका. ज्यांना परवडत नाही त्यांच्या लसीला हिणवूही नका.

ऊसपट्टा, वाळवा:
दुखणारी की न दुखणारी यावर इथे हातघाई चालली आहे, आणि आमच्या फडावर आलेल्या ऊसतोड टोळीतल्या मुलांना कोणतीच मिळालेली नाही. कार्ड गावी पेटीत, पाल इथे, आणि पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत तिसऱ्या डोसची वेळ टळून गेलेली. अंगावर गोवर उठला की देवीचा कोप म्हणून कडुलिंबाचा पाला बांधतात. तुमच्या 95 टक्क्यांत ही मुले मोजली आहेत काय?

कृष्णाकाठ, सांगली:
ती मोजायलाच हवीत, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. माणदेशींना एवढेच सांगतो की तुमचा गुणाकार सरकारनेही केलेला आहे. 1975 नंतर आपल्याकडे देवी रोगाचा रुग्ण उरला नाही, आणि कालांतराने ती लस बंद झाली, कारण आजार संपल्यावर लसीचा थोडा धोकाही फुकटचा ठरतो. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ डोसाने क्वचित लाखो मुलांमागे एकाला पक्षाघात होत असे. 2011 नंतर देशात मूळ विषाणूचा पोलिओ सापडला नाही, तेव्हा 2015 मध्ये टोचायची लस जोडली आणि पुढच्या वर्षी तोंडावाटेच्या डोसातला दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळला. गोवराबाबत ती वेळ अजून आलेली नाही.

माणदेशी, म्हसवड:
पोलिओचे एवढे स्पष्टपणे मला कोणत्याही केंद्रात सांगितले गेले नाही. सांगितले असते तर हा धागा निम्मा झाला असता. धाकट्याला डोस देईन, पण तुमच्या शेजारधर्माखातर नव्हे. आमच्याच वाटेने टोळ्या जातात, तेव्हा गोवर माझ्याच दारात येणार हे मला कळते.

निवृत्त आरोग्यसेविका, औंध:
सकाळी लवकर जा, म्हणजे ताप चढलाच तर अंधार पडण्याआधी चढेल. गोवराची कुपी कालवल्यावर चार तासांत टाकून द्यावी लागते, म्हणून ती कधी उघडली तेही विचारा. सिस्टर चिडणार नाही. पुन्हा आकडी येऊन मूल दाखल करावे लागले तर केंद्रावर लेखी नोंद मागा. अशा घटनांची चौकशी करणारी समिती जिल्ह्याला असते.

माणदेशी, म्हसवड:
अशी समिती असते हे तीन वर्षांनी एका निवृत्त बाईंकडून कळावे, याबद्दल खात्याचे अभिनंदन.