अस्तर, थर की पदर?

नेरुळहून विचारतेय. आमच्या कट्ट्याच्या दिवाळी अंकासाठी बाबांवर लेख लिहिलाय, त्यात 'त्यांच्या थट्टेत काळजीचा अंतर्निहित थर होता' असं वाक्य आहे आणि ते वाचताना दर वेळी अडखळायला होतं. सोपा शब्द आहे का?

–

ताई, अस्तर लिहा. ब्लाऊज शिवायला टाकताना टेलर विचारतो ना, अस्तर लावायचंय का, तेच. बाहेरून दिसत नाही पण कापड त्याच्यावरच बसतं. जुने पेंटरसुद्धा रंगाच्या आधीच्या हाताला अस्तर म्हणायचे, आता सगळे प्रायमर म्हणतात.

शब्द फारसी आहे आणि मला तो फार आवडतो कारण त्याचा जोडीदारही आपल्या घरात आहे. फारसीत आतलं कापड ते आस्तर आणि वरचं ते अब्रा, त्या अब्राचाच आपला उशीचा अभ्रा झाला, म्हणजे अभ्र्याचा आकाशातल्या अभ्राशी काही संबंध नाही.

थर वेगळा. थर एकावर एक रचतात आणि मोजतात. 2012 ला इथे ठाण्यात दहीहंडीला जय जवान गोविंदा पथकाने 9 थर लावले तेव्हा सगळ्यात खालचा पण थरच आणि वरचा पण थरच, आतलं-बाहेरचं असं काही नसतं त्यात. जमिनीखाली मुरूम, गाळ, भराव असतो तिथेही थरच म्हणायचं, अस्तर नाही. पदर म्हणजे एकाच वस्तूच्या घड्या, चपातीला सुटतात ते, किंवा तीन पदरी दोरी. एखाद्या प्रश्नाला अनेक पदर असतात ते बरोबर आहे, पण तिथे कुठला पदर खाली कुठला वर हे सांगायचं नसतं.

आणि हे मला खरंच खटकतं म्हणून लिहितो, 'विनोदाला कारुण्याची झालर' असं सगळीकडे छापून येतं. अहो, झालर काठाला लावतात, मिरवायला, लांबूनसुद्धा दिसते ती. कारुण्य जर विनोदाच्या आतून असेल तर ते अस्तर झालं.

–

'बाबांच्या थट्टेला काळजीचं अस्तर होतं' असं केलं. पण मग पुढच्याच ओळीत 'ते आम्हाला फार उशिरा दिसलं' आहे, ते चालेल का?

–

चालेल की. शिवण उसवली की अस्तर दिसतंच. फक्त 'दिसलं'च ठेवा, 'जाणवलं' नको.