'कावा' हे नाव सोडून राव्हेंतोसांनी बरोबर केलं का?

द्राक्षवेडा
बार्सिलोनाच्या पश्चिमेला सान्त सादुर्नी दानोया नावाचं गाव आहे, कावा या फेसाळ वाइनचं माहेरघर. १८७२ मध्ये कोदोर्निऊ या तिथल्या वाइन कंपनीच्या जोसेप राव्हेंतोसनं शॅम्पेनच्या पद्धतीनं, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, तिथली पहिली वाइन केली. त्याच घराण्यातल्या जोसेप मारिया राव्हेंतोस इ ब्लांकनं १९८० च्या दशकात कोदोर्निऊ सोडून वडिलोपार्जित मळ्यात वेगळी वायनरी काढली. त्या जमिनीचे कागद १४९७ पर्यंत मागे जातात. आणि २०१२ मध्ये या घरानं 'कावा' हे सरकारमान्य मानांकनच सोडलं! आता ते 'कोन्का देल रिऊ आनोया', आनोया नदीचं खोरं, या ओळखीनं वाइन विकतात.

माझ्या मते झकास केलं. कावाचा नकाशा बघा: सान्त सादुर्नीच्या आसपासचं पेनेदेस, मग वालेन्सियातलं रेकेना, पोर्तुगालच्या बाजूचं आल्मेन्द्रालेखो, वर रिओखाचा तुकडा. माती वेगळी, पाऊस वेगळा, नाव मात्र एक. नऊ महिने बाटलीत ठेवली की झाली कावा. हे लोक स्वतःच्या मळ्यातली द्राक्षं हातानं तोडून किमान १८ महिने मुरवतात. त्यांनी सुपरमार्केटातल्या स्वस्त बाटलीच्या पंगतीत का बसावं?

तासगावकर
अजिबात पटलं नाही. ज्याच्याकडे पाचशे वर्षांचे कागद आहेत त्याला नाव सोडणं परवडतं हो. ज्याची दोन-चार एकर बाग आहे आणि जो सगळा माल मोठ्या कंपनीला घालतो, त्यानं काय सोडायचं? मोठी घरं बाहेर पडली की मागे उरलेल्या नावाची पत घसरते, आणि पत घसरली की पहिला भाव पडतो बागवाल्याचा. आमच्याकडे बाग आहे, म्हणून बोलतोय. साखर भरलेलं द्राक्ष तुमच्या तत्त्वासाठी वेलीवर थांबत नाही.

कट्टेकरी
पण पद्धत तर सगळ्यांची एकच ना? मग एवढं रामायण कशाला?

द्राक्षवेडा
@कट्टेकरी, पद्धत एक, वेळ वेगळा. आंबलेल्या वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटलीला सोड्यासारखं पत्र्याचं बूच ठोकतात. यीस्ट साखर खातं, वायू आतच कोंडतो, दाब सहा बारच्या आसपास जातो. मग मेलेल्या यीस्टचा गाळ तळाशी बसतो, आणि खरी गंमत तिथे आहे. गाळावर वाइन जितकी जास्त पडून राहते तितका तिला भाजलेल्या पावाचा वास येतो आणि बुडबुडे बारीक होतात. शेवटी बाटली थोडी थोडी फिरवत उलटी करायची, मानेत उतरलेला गाळ गोठवायचा, बूच उडवलं की बर्फाचा खडा गाळासकट फटकन बाहेर. नऊ महिन्यांची आणि तीन वर्षांची बाटली शेजारी ठेवून बघा, सांगावं लागणार नाही.

मीरा_जो
तासगावकर दादा, तुमचा मुद्दा खरा आहे, पण रोख चुकीच्या माणसावर आहे. भाव कोण पाडतं? स्वस्त बाटल्यांचा धंदा करणारे. २०१८ मध्ये खुद्द कोदोर्निऊचा मोठा हिस्सा कार्लाइल या अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडे गेला, आणि फ्रेशेनेत या दुसऱ्या बड्या कावा कंपनीचा जर्मन हेन्केलकडे. मळ्याशी नातं राखायला निघालेल्यांनाच तुम्ही बोल लावताय.

तासगावकर
ताई, मालक अमेरिकन की कातालान, बागवाल्याला काय फरक पडतो? त्याचं बिल वेळेवर निघालं पाहिजे.

रापण
देवगडचंच बघा. हापूसचं मानांकन पाच जिल्ह्यांना मिळून आहे. देवगडचा बागायतदार चिडतो, कुरकुरतो, पण पेटीवर 'देवगड' ठळक छापूनही 'हापूस' सोडत नाही. घरात राहून भांडायचं! कावानंही २०१७ मध्ये एकाच मळ्याच्या वाइनसाठी 'पाराखे' ही वेगळी पायरी काढलीच की.

द्राक्षवेडा
@रापण, तारखा बघा. राव्हेंतोस बाहेर पडले २०१२ मध्ये, पाराखे आली २०१७ मध्ये. २०१९ मध्ये ग्रामोना, रेकारेदो वगैरे नऊ घरं 'कॉर्पिनात' या वेगळ्या गटाच्या नावाखाली बाहेर पडली, आणि त्यानंतर कावानं प्रदेशवार विभागणी आणली. वरच्या दर्जाच्या कावाला १८ महिने आणि सेंद्रिय द्राक्षं सक्तीची केली. दार आपटून निघाले म्हणून आत हालचाल झाली.

रापण
किंवा आत राहिलेल्यांनी रेटलं म्हणून झाली. त्यांना कुणी श्रेय देत नाही, कारण ते मुलाखती देत नाहीत. शिवाय कॉर्पिनात निदान नऊ जणांनी मिळून केलं. राव्हेंतोस तर तिथेही गेले नाहीत. स्वतःच नियम लिहायचे, स्वतःच पाळायचे, तपासणार कोण?

मीरा_जो
हा मात्र बिनतोड. मला राव्हेंतोसांची वाइन आवडते, पण या प्रश्नाला द्राक्षवेडा यांनी उत्तर द्यावं.

द्राक्षवेडा
गिऱ्हाईक तपासेल. नाही आवडली तर पुढची बाटली घेणार नाही.

तासगावकर
गिऱ्हाईक मळ्यात येऊन बघतं होय? चालू द्या, आम्हाला छाटणी आहे.